छतावर वाळत घातलेल्या बोंबलांबाबत

प्रति,
मा. वाहन फेरबदल तपासणी अधिकारी,
फेरबदल कक्ष, नाशिक.

अर्जदार : वैष्णवी भिमाजी शिरसाठ, रा. म्हसरूळ, नाशिक.

विषय : कॅम्परव्हॅनच्या उचलत्या छतावरील लवचीक सोलर पॅनलची फेरतपासणी बोंबील उतरवून करणेबाबत व वाहन परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा फेरबदल मंजुरीचा अर्ज. २) आपल्या कक्षाचा ‘वीज शून्य’ असा अहवाल. ३) अर्जदाराच्या नाकात अजून बसलेला वास.

महोदय,

१. आपल्या खिडकीवर अर्जदाराला बजावण्यात आले होते की, “अर्जात मी मी करायचं नाही, अर्जदार लिहायचं.” म्हणून अर्जदार ही अर्जदाराबद्दलच लिहीत आहे. तिला आपल्या कक्षाचा वीट आला आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे. पुढे कुठे सभ्यता कमी पडली तर ती चुकून पडली असे समजू नये.

२. अर्जदाराचे वडील श्री. भिमाजी शिरसाठ यांनी उभी हयात निफाडची द्राक्षे ट्रकने बंदरावर पोहोचवली. बंदर म्हणजे त्यांच्या लेखी एक फाटक, ट्रकची रांग आणि कागदावरचा शिक्का. माल उतरला की गाडी फिरवायची, कारण इकडे दुसरी खेप तयार. समुद्र फाटकाच्या पलीकडे होता आणि तो त्यांनी कधी पाहिला नाही. आता मधुमेहाने त्यांची नजर चालली आहे. डॉक्टरांनी अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले, जे दाखवायचे ते लवकर दाखवा.

३. वडिलांना इन्सुलिन लागते व ते थंड ठेवावे लागते. “थर्मासात बर्फ टाका की,” हा सल्ला आपल्या कक्षातून मिळाला. तो करून झाला आहे. बाटली गोठली आणि फेकावी लागली. “मग हॉटेलात उतरा,” हाही मिळाला. परक्या खोलीत वडील भिंतींवर आपटतात. गाडीत मात्र कुठे काय आहे हे त्यांच्या हाताला पाठ आहे. म्हणून अर्जदाराने जुन्या व्हॅनमध्ये छोटा फ्रीज बसवला, वडिलांना आत ताठ उभे राहता यावे म्हणून छत वर उचलले जाईल असे करून घेतले, आणि किनाऱ्यावर इंजिन बंद असतानाही फ्रीज चालावा म्हणून त्या छतावर पातळ, लवचीक सोलर पॅनल चिकटवले. काचेचे जड पॅनल घातले असते तर ते छत तिला एकटीला उचलवले नसते. यात कोणते पाप झाले ते तिला अजून कळलेले नाही.

४. पहिल्या भेटीत आपले निरीक्षक श्री. महेश गांगुर्डे यांनी छत उचलायला लावले, उचललेल्या छतापर्यंत टेप धरला आणि गाडी उंचीत बसत नाही असे लिहिले. गाडी चालताना छत खाली असते, असे अर्जदाराने सांगितले. “चालताना आम्ही कुठं बघायला येणार?” असे उत्तर आले. दुसऱ्या भेटीत, छत आहे आणि छतावर सोलर आहे म्हणजे हे घरच, सबब घरपट्टीची पावती जोडा, असे ठरले. घरपट्टीच्या टेबलावरच्या बाई आधी हसल्या आणि मग खरोखरच विचारू लागल्या, “पण मिळकत कुठल्या वॉर्डात उभी असते?” तिसऱ्या भेटीत गाडी आवारात ठेवा व किल्ली जमा करा, असा आदेश झाला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे अर्जदार लहानपणापासून ऐकत आली आहे. तिने किल्ली दिली.

५. पावसाळ्याआधी बाजारातून सुके बोंबील आणायचे, कडक ऊन द्यायचे आणि डबे भरून ठेवायचे, ही रीत अर्जदाराच्याही घरची आहे. बोंबलाची चटणी ती बोटे चाटून खाते. तेव्हा शिसारी बोंबलाची नाही. शिसारी याची आहे की आपल्या अख्ख्या कक्षाने यंदाची बेगमी अर्जदाराच्या पॅनलवर वाळत घातली. काळा, सपाट, चटकन तापणारा आणि कुत्र्या-मांजरांपासून उंच, असा पत्रा यांना आयता मिळाला. वरून जुनी साडी, साडी उडू नये म्हणून विटा, विटांनी पॅनलला पडलेले चरे, त्यात खारट चिकटा, घोंगावणाऱ्या माश्या आणि कावळ्यांची घाण. आवार झाडणाऱ्या नवसाबाई तेवढ्या ओशाळल्या. म्हणाल्या, “ताई, म्या सांगितलं व्हतं, लोकाची गाडी हाय. पन साहेबांचा बी वाटा हाय त्यात.” कोणते साहेब, हे अर्जदाराने विचारले नाही. आपण घरचा डबा उघडून खात्री करावी.

६. आणि त्याच अवस्थेत तपासणी झाली. ऊन डोक्यावर होते, श्री. गांगुर्डे यांनी मीटर लावला, काटा हलेना. आधी बोंबील उतरवा, असे अर्जदार म्हणाली. “आत्ता हलवले तर मोडतील ना,” असे म्हणून त्यांनी अहवाल लिहिला: ‘वीज शून्य. पॅनल निरुपयोगी. छतावर विनाकारण वजन. काढून टाकावे.’ ते विनाकारण वजन कशाचे होते, हे अहवालात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

७. त्या दिवशी वडील सोबत होते. तपासणी झाली की तिथूनच कोकणात निघू, असे अर्जदाराने त्यांना मूर्खासारखे सांगून ठेवले होते. ते इस्त्रीचा सदरा घालून गाडीत आपल्या जागी बसले आणि वाट पाहून पाहून त्यांचा डोळा लागला. तपासणीसाठी छत उचलले तसा बोंबलांचा भपकारा आत शिरला. वडील जागे झाले, मान वर करून हुंगू लागले आणि म्हणाले, “आला का गं समुद्र? वास येऊ राहिला.” आपले लोक हसले. एकजण तर म्हणाला, “आला आला, उतरा बाबा.” वडील खरेच दाराकडे हात लांबवून उतरू लागले. अर्जदाराने त्यांना धरून बसवले. अर्जदाराला आयुष्यात इतकी किळस कशाचीच आलेली नाही.

८. तरी विनंती की, बोंबील उतरवून, पॅनल पुसून फेरतपासणी व्हावी, उंची छत खाली असताना मोजावी आणि गाडी याच आठवड्यात परत द्यावी. वडिलांना उजेड आणि मोठ्या वस्तू अजून दिसतात. समुद्र पुष्कळ मोठा असतो असे ऐकले आहे, तेव्हा तो दिसेल.

९. हे जमणार नसेल तर नकार टपालाने पाठवू नये. आपण स्वतः अर्जदाराच्या घरी यावे आणि वडिलांना समोर बसून सांगावे. ते रागावणार नाहीत, चहा घेतल्याशिवाय सोडणारही नाहीत. त्यांना आता चेहरे ओळखू येत नाहीत, तेव्हा कृपया दारातच आपले नाव आणि हुद्दा मोठ्याने सांगावा.

जमेल तितकी नम्र,
(सही)
वैष्णवी भिमाजी शिरसाठ
नाशिक, दि. ४ जून २०२५