काकूच्या टोपलीतली झोप

४ सप्टेंबर
आलो एकदाचे! सामानाचे सात डाग, त्यातले पाच ढब्बूचे. अडीच महिन्यांच्या माणसाला एवढा संसार लागतो, हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांना कामासाठी चार महिने बाहेरगावी राहायचंय, तोवर मी नि ढब्बू थोरल्या दिरांकडे. घर मोकळं आहे, माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं. जाऊबाई खालच्या खोलीत शिवणकाम करतात. त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून मी जपूनच बोलायचं ठरवलंय. ढब्बूला त्यांच्या हातात दिलं तर त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले.

९ सप्टेंबर
संध्याकाळचे पाच वाजले की ढब्बू टाहो फोडतो. पाजा, फिरवा, गा, काही उपयोग नाही. आज जाऊबाई म्हणाल्या, दे इकडे, तू जरा अंघोळ करून घे. दोन तांबे ओतले नाहीत तोच रडणं बंद. येऊन पाहते तर मशीन खडखडतंय आणि शेजारी कापडाच्या टोपलीत साहेब गाढ झोपलेले. हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं.

१५ सप्टेंबर
रोज तेच. दीर म्हणाले, हिच्या हाताला गुण आहे. गुण! नऊ महिने उलट्या मी काढल्या, टाके मला पडले, आणि गुण जाऊबाईंच्या हाताला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! शेजारीण तर आज त्यांनाच म्हणाली, तुमचं बाळ किती गोड आहे हो. त्यांनी नुसतं हसून घेतलं. मी तिथेच उभी होते, लंगोट वाळत घालत.

१८ सप्टेंबर
दोरा शोधायला त्यांचं कपाट उघडलं. कापडांच्या मागे सर्दीच्या औषधाची बाटली, मोठ्यांची, अर्धी संपलेली. वर लिहिलंय: झोप येते, दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. कळला बाई हाताचा गुण! नाहीतर त्या खडखडाटात कुठलं मूल झोपतं?
खरं तर तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं. ढब्बूच्या डॉक्टरबाईंनी बजावलंय, विचारल्याशिवाय त्याला थेंबभरही काही द्यायचं नाही. पण सांगितलं असतं तर त्या रडल्या असत्या आणि सगळे त्यांचीच समजूत काढत बसले असते. ढब्बूच्या व्हिटॅमिनची बाटली परवाच संपली होती. ती धुतली, कपाटातलं थोडं सर्दीचं औषध तिच्यात ओतलं आणि नेहमीच्या फळीवर ठेवून दिली. कुणाला शंका नको.

२० सप्टेंबर
सहा थेंब. माझ्या मांडीवर झोपला! माझ्या! जाऊबाई दोनदा डोकावून गेल्या, रिकाम्या हातांनी. देवा, काय गोड वाटलं.

२४ सप्टेंबर
आता दहा लागतात. दूध कमी पितो, हसत नाही. पण माझ्याकडेच असतो.

२५ सप्टेंबर
जाऊबाईंना दिवस गेलेत. दुपारी जेवताना सांगितलं. मध्ये सर्दीने बेजार झाल्या होत्या म्हणे, पण डॉक्टरांनी विचारल्याशिवाय काही घेऊ नका म्हटल्यावर बाटली कपाटात मागे टाकली ती टाकलीच.
मी घास ताटात परत ठेवला. मग ढब्बू कसा झोपायचा, विचारलं. हसल्या. मशीन सुरू केलं की गप्प व्हायचा, एवढंच. काही देत नव्हत्या. काहीच नाही.
दिरांनी पेढ्यासारखा चेहरा करून सगळ्यांना फोन लावले. ढब्बूकडे कुणी बघेना. तेही टोचलं मला. आज त्याला थेंब दिले नाहीत. बाटली उद्या ओतून टाकते.

२६ सप्टेंबर, सकाळ
दहा वाजले. उठत नाही. तळपायाला टिचक्या मारल्या तरी—
जाऊबाई म्हणाल्या, सकाळी त्याचं व्हिटॅमिन मीच दिलं हं, तू विसरतेस म्हणून. चार दिवस मीच देतेय, ड्रॉपर भरून.
चार दिवस. माझे वेगळे, त्यांचे वेगळे—
ओठ निळे दिसताहेत. दीर गाडी काढताहेत. बाटली मी पिशवीत टाकली.

२६, दवाखाना, बाकावर
आत नेलंय. मेंदूचा ताप असावा म्हणतात, पाठीतून पाणी काढणार. इवलीशी पाठ ती.
इथल्या डॉक्टरबाई विचारत होत्या, काय दिलंत. जाऊबाईंनी सांगितलं, व्हिटॅमिन, माझ्या हाताने. दीर त्यांच्याकडे कसे बघताहेत! असं कधी बघितलं नव्हतं.
बोलले तर वाचेल. वाचला तर पुन्हा त्यांच्याच—
छे. काय लिहितेय मी. आई आहे मी त्याची. उठते, सांगते.
डॉक्टरबाई पुन्हा आल्या. दुसरं काही पोटात गेलं असेल तर आत्ता सांगा म्हणतात, उपचार बदलावे लागतील. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. माझ्याच हातून काहीतरी चुकलं गं, म्हणाल्या.
मी मान डोलावली.
डॉक्टरबाई आत चालल्यात. दार लागायच्या आत हाक मारली तर अजून—