नऊ दिवसांत दोन गाणी

११ जाने., रवि.
चिंचपोकळी. सलीलच्या मामांचं वर्कशॉप रविवारी बंद असतं, तिथे पहिली प्रॅक्टिस. मी गिटार, निलेश बेस, सलील ड्रम्स. तिघंही एकाच ऑफिसात मोबाइल गेम्सचं संगीत करतो, बारा वर्षं कानाला हेडफोन. सलीलने आजवर ड्रम्स माउसने वाजवले. आज खरे समोर आले तर उजवा पाय ऐकेना. आमचीच कार रेसची चाल चारदा सुरू केली, चारदा पडलो. २५ ला गिरगावात वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम कबूल केलाय. रद्द करायचा नाही.

१४, बुध. संक्रांत.
ऑफिसात साहेबांकडे परवानगी मागायला मी गेले. त्यांनी आधी तिळगूळ दिला. मग म्हणाले, गेमच्या चाली कंपनीच्या, बाहेर वाजवल्या तर नोकरीवर गदा येईल. जॉइन होताना सही केलेला कागद दाखवला. सही माझीच. वाचला कधी नव्हता.
घरी आई भाजी निवडत होती. "तुझ्याच चालीक तुकाच परवानगी नाय?"
नाही म्हटलं.

१६, शुक्र.
निलेश दादरला भेटला. बायकोला सातवा महिना, नोकरी घालवून चालणार नाही, मी नाही वाजवत म्हणाला. रागावणार होते, पण त्याचं चुकलं कुठे? म्हटलं, त्या चाली नकोच, नवीन करू.
"नऊ दिवसांत?"
"ऑफिसात सहा दिवसांत देतोस की."
हसला. रविवारी येतो म्हणाला.

१८, रवि.
नऊ ते तीन. दोन गाणी उभी राहिली. दोनच वाजवू, बारा मिनिटं. शब्द पहिल्यांदाच, गेममध्ये लागतात कुठे. गायचं कोणी? दोघं माझ्याकडे बघायला लागले. शाळेनंतर गायलेच नव्हते. वरचा सा फाटला. पट्टी खाली घेतली. जमेल. सलीलचा पाय सुधारतोय, हाताला फोड.

२५, रवि.
वाजवलं. चाळीसेक माणसं. पहिल्याच गाण्यात दुसरं कडवं विसरले. तोंड उघडं, शब्द नाहीत. निलेश-सलील तोच तुकडा गोल फिरवत राहिले, गेममध्ये फिरतो तसा, मला आठवेपर्यंत. लोकांना वाटलं, तसंच बसवलंय. आईने नंतर फक्त पाणी दिलं आणि गिटार स्वतः उचलली.
घरी आल्यावर साहेबांचा मेसेज. ऑफिसातल्या कोणीतरी व्हिडिओ पाठवलाय. मंगळवारी तिघांनी केबिनमध्ये या.

२६, सोम.
सुट्टी. तो कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला. 'नोकरीच्या काळात केलेल्या सर्व रचना' कंपनीच्या. सर्व म्हणजे रविवारच्या पण? वकील मावसभावाला दाखवला. म्हणाला, दोन्ही अर्थ निघतात, भांडावं लागेल. निलेशपासून लपवलं नाही. म्हटलं, तू नाही आलास तरी...
"बेस माझा आहे ना त्यात? येतो."

२७, मंगळ., सकाळ.
सव्वानऊ. दोघं मला न्यायला खाली उभे आहेत. माफी मागणार नाही. दोन्ही गाणी आमची, एवढंच सांगायचं. पुढचं तिथे. सलील हाका मारतोय, जाते.