काटे काढलेला मासा

लेकीचं घर,
दि. १७ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे सोडले तर बाकीचा मी अजून माझ्या आज्ञेत आहे. तुझा पत्ता तुझ्या लेकीकडून मागून घेतला. तिला रागावू नकोस.

परदेशात येऊन महिना झाला. खिडकीतून बंदर दिसतं, आणि उगाच वाटत राहतं, एखाद्या बोटीतून कुणीतरी ओळखीचं हात हलवील. म्हातारपणी माणूस पुन्हा चौथीत जाऊन बसतो, दुसरं काय!

काल लेक-जावई मला मासळीच्या बिस्त्रोत घेऊन गेले. बिस्त्रो म्हणजे खानावळच, फक्त टेबलावर मेणबत्ती आणि बोलणं हळू. खुर्च्या इतक्या उंच की माझे पाय लोंबकळत होते. शिंपल्यांचं सार मात्र असं सुरेख, की वाटी पुसून खाल्ली. कोळंबीवर कसली तरी गोड चटणी ओतलेली. चांगल्या कवितेला कुणी भलतीच चाल लावावी तशी.

"बाबा, नाही आवडलं?" जावयानं विचारलं.

"आवडलं की! या गावात मीठ मिळतं ना?"

"बाबा, तुम्ही ना! घरी चला, मग बघते," लेक म्हणाली.

मग अख्खा भाजलेला मासा आला. डोक्यासकट. मी नुसता बघत बसलो. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला माशाचे काटे काढता येत नाहीत, हे सांगायचं कुणाला? वाढणाऱ्या बाईंनीच ओळखलं. दोन चमचे घेतले, आणि मधला काटा फणीसारखा एका ओढीत बाहेर! सोबतचे बारीक काटेही वेचले. एक म्हणून राहिला नाही.

आणि ताई, त्या माशाला चवच लागेना.

मी चौथीत असताना तू अंगठ्यानं काटे चाचपून एकेक घास द्यायचीस. पण आधी कविता. "घुम्या, ओळ म्हण, मग घास." वादळातल्या होडीची ती कविता माझी अशी जेवता जेवता पाठ झाली. काल मनातल्या मनात तीच म्हणत खात होतो. एक ओळ, एक घास. शेवटच्या कडव्यापर्यंत आलो आणि शेवटची ओळ काही केल्या आठवेना. डोळे भरून आले.

"काटा अडकला का, बाबा?" लेक घाबरली.

मी हो म्हटलं. तिनं पाव पुढे केला. मी गिळला. खाली काही गेलं नाही.

आता लिहितोच. तू परस्पर लग्न करून मेहुण्यांना घेऊन दारात उभी राहिलीस, त्या दुपारी बाबा आणि मी जेवत होतो. "बाबा, दोन मिनिटं तरी बोला माझ्याशी," तू बाहेरून म्हणालीस, आणि आतून कडी लागली. ती बाबांनी लावली असं तू धरून चाललीस. त्यांच्या शेवटच्या आजारातही आली नाहीस. लग्नाकार्यात भेटलो तेव्हा "बरा आहेस ना?" "बरा आहे," एवढंच.

ताई, बाबा ताटावरून उठले होते खरे. कडी लावायला की तुला आत घ्यायला, मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्या आधी मी दाराशी पोचलो. कडी मी लावली. तू मला सोडून चाललीस, एवढाच राग होता. वीस वर्षांचा घोडा आणि रुसवा चौथीतल्या पोराचा. बाबा परत पाटावर बसले, जेवले मात्र नाहीत. पुढे ते त्यावर कधी बोलले नाहीत, आणि मी त्यांना तुझा बोल माथी घेऊन तसंच जाऊ दिलं.

त्यांच्यावरचा राग आता माझ्यावर घे.

पुढच्या महिन्यात मी परततोय. मनात आलं तर एका कार्डावर कवितेची ती शेवटची ओळ तेवढी लिहून पाठव. खुशाली नको, क्षमाही नको. ओळ आली, तर ये म्हणालीस असं समजून येईन. नाही आली, तर कडी लागली असं समजेन, आणि ती कुणी लावली हे कुणालाही विचारणार नाही.

तुझ्या दाराबाहेर उभा,
घुम्या