किल्ली विद्याधररावांच्या खिशात होती

मी, श्रीमती मृणालिनी धोंडिराम रणपिसे, वय वर्षे ६६, धंदा शिवणकाम, धर्म ख्रिस्ती, राहणार चारकोप, कांदिवली पश्चिम, मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळेही सुईत दोरा ओवण्याइतके चांगले आहेत. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मी रागात आहे हे खरं. पण रागावलेल्या बाईने मृत्युपत्र करू नये असं कायद्यात कुठे नाही. वकिलांना विचारून घेतलं आहे.

१. चारकोपची माझी खोली, आतील सामानासह, माझी एकुलती एक मुलगी सौ. नीला हिला द्यावी. बँकेत असेल ते माझ्या दफनाला वापरावं, उरलेलं तिचंच. माझे धाकटे दीर श्री. विद्याधर रणपिसे गेल्या महिन्यात येऊन म्हणाले, "वहिनी, खोली आपल्या चर्चच्या मंडळीला द्या. दादाच्या नावाची पाटी लावू हॉलमध्ये." माझ्या नवऱ्याच्या नावाची पाटी त्या हॉलमध्ये लागणार नाही. का ते लिहून ठेवते, नाहीतर 'म्हातारी हट्टी होती' म्हणून सगळे मोकळे होतील.

सन १९८१ मध्ये नाताळच्या दोन दिवस आधी अंधेरीतली आमची वस्ती पाडली. मी शिवलेले कपडे पोचवायला गेले होते. परतले तर भिंती आडव्या, दाराची चौकट तेवढी उभी आणि तिला माझं कुलूप तसंच. यांना दम्याचा त्रास. बाजाची पेटी मांडीवर घेऊन रस्त्यावर बसले होते. कुणाशी बोलेनात. वस्तीतल्या आम्ही पाच-सहा ख्रिस्ती घरांतल्या माणसांनी बोचकी उचलली आणि मंडळीच्या हॉलवर गेलो. विद्याधरराव कमिटीचे सेक्रेटरी, किल्ली त्यांच्याकडे.

"वहिनी, आज नाही जमणार. कालच रंग दिलाय. पताका लागल्यात. स्टोव्ह, बोचकी आत आली तर नाताळच्या उपासनेला काय शोभा राहील?"

"तुमचा सख्खा भाऊ धापा टाकतोय, भावोजी."

"नाताळ झाला की बघू ना. मी एकटा कसा ठरवणार?"

नाही मात्र त्यांनी एकट्यानेच म्हटलं.

वर्सोव्याच्या सखुबाई टपके हिची पोलकी मी शिवायची. मासळीची पाटी घेऊन ती समोरून येत होती. आमची वरात पाहून थांबली, काय झालं ते ऐकलं आणि आम्हाला सरळ कोळीवाड्यात घेऊन गेली. मुलाला, लहूला, हाक मारली, "जाळी काढ रं भायेर! पाऊस नाय, पानी नाय, जाल्यांना काय व्हतंय?" जाळ्यांच्या त्या खोलीत आम्हा सगळ्यांना जागा दिली. ती बाई रोज आपल्या देवीपुढे दिवा लावते. आमच्या प्रभूबद्दल तिला एक अक्षर ठाऊक नव्हतं.

पेटीचा भाता फाटला होता. लहूच्या बायकोने, मथुराने, शिडाचं कापड आणून दिलं, मी ठिगळ मारलं. नाताळच्या सकाळी ह्यांनी पेटी ओढली. दोन पट्ट्या मुक्याच. छातीत घरघर होत होती, तरी गायले. आम्ही सगळे गायलो. सखुबाईची माणसं दारात जमली, कुणीतरी ढोलकी आणली. मग तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. हे मला म्हणाले, "मृणाल, आपल्याकडे काही राहिलं नाही, तरी मला इतकं भरल्यासारखं का वाटतंय गं?" पाडकामानंतर ते प्रथमच बोलले होते. मी हसले, आणि हसतानाच मला विद्याधररावांची चीड येत होती. नाताळचा आनंद म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. तो माझ्या रागाने विझला नाही, आणि त्याने माझा रागही पुसला नाही.

लोक मला म्हणतात, "तुम्हाला येशूच्या जन्माच्या गोठ्याची आठवण झाली असेल." गोड बोलू नका. मला त्या खोलीची थंड फरशी आठवते.

फेब्रुवारीत हे गेले. तेव्हा हॉल उघडला, फुलंसुद्धा होती! विद्याधरराव उभे राहून म्हणाले, "दादाला बेघर होऊन जावं लागलं, देवाची इच्छा." देवाची इच्छा नव्हती, भावोजी. किल्ली तुमच्या खिशात होती.

२. शिवणयंत्र मथुराला द्यावं. त्याचं पायडल जड आहे, तेल घालत जा म्हणावं.

३. पेटी आमच्या वस्तीतल्या त्या कुटुंबांना द्यावी. ती आता मालाडच्या मालवणीत राहतात, दर बुधवारी भजन करतात. हॉलला देऊ नये, मागितली तरी.

४. पाडलेल्या घराचं कुलूप विद्याधररावांना द्यावं. सोबत चिठ्ठी नको.

५. माझ्या दफनविधीत विद्याधररावांनी बोलायचं नाही, प्रार्थनासुद्धा नाही. महिना कोणताही असो, नाताळची गाणी म्हणावीत. ढोलकीसकट.

६. नीलाने परवा विचारलं, "आई, काकांना माफ केलंस का?" नाही केलं. रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घेते आणि रोज नव्याने संतापते. प्रभू दोन्ही ऐकून घेतो. तरी नीलाला माझी ताकीद आहे: नाताळच्या दिवशी तुझे काका दारात आले तर त्यांना आत घ्यायचं, जेवायला वाढायचं, आणि टोमणा मारायचा नाही. हे मी दात-ओठ खाऊन लिहीत आहे. पण ज्याचा जन्म आपण साजरा करतो, त्याने पाहुण्यांची यादी करताना मला विचारलेलं नाही.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. सखुबाई म्हणाली, "येवडा राग हाय, तर त्याला जेवाया कशाला घालतेस?" मी म्हटलं, "नाताळ असतो म्हणून." तिने पदराला अंगठा पुसला. मग म्हणाली, "दे तुजी शाई," आणि अंगठा उठवला.

लिहून देणार: मृणालिनी धोंडिराम रणपिसे (सही)

साक्षीदार:
सखुबाई टपके, वर्सोवा (डाव्या हाताचा अंगठा)
चंद्रप्रकाश नाईक, शेजारी, चारकोप (सही)

ठिकाण: चारकोप, मुंबई
तारीख: १२ डिसेंबर १९८७