चौथ्या कडव्याचा पहिला शब्द

पुणे,
६ जानेवारी २०२५

ती. अण्णाकाकांस,
ज्योत्स्नाचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं आहे म्हणून ठेवून देता आणि पत्रात चार पानं लिहिता, म्हणून पत्रच लिहिते आहे. सिनेमा पूर्ण झाला. सोबतच्या पाकिटात पेनड्राइव्ह आहे, त्यात काकू आणि तिची गायन पार्टी आहे, एक तास दहा मिनिटं. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी समाजमंदिरात तुमचा कार्यक्रम असतो, आधी गाणं आणि मग सिनेमा. हा तिथेच पहिल्यांदा लागावा असं मनात आहे. मीही येणार होते, पण जिन्यावरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टर फेब्रुवारीपर्यंत हलू देत नाहीत.

एक विचारायचं आहे. शेवटच्या भागात काकूचं पाटीचं गाणं आहे, तिने स्वतः रचलेलं. २०२३च्या दिवाळीच्या आधी तुमच्या अंगणात ते घेतलं आणि चार महिन्यांत ती गेली. पेटीवर तुम्हीच आहात. चारपैकी तीन कडवी मी ठेवली आहेत. काकू गेल्यापासून तुम्ही पेटीला हात लावलेला नाही, तेव्हा काकांना हे दाखवू नकोस असं आईने बजावलं. पण तुम्हाला न विचारता ते जगाला दाखवणं मला जमणार नाही. महोत्सवाला अंतिम प्रत १५ फेब्रुवारीला द्यायची आहे. तुम्ही नको म्हणालात तर गाणं काढते.

रागावलात तर पत्रातच रागवा. लोभ आहे, त्यात काटछाट करू नये.

आपली,
ज्योत्स्ना


ता. घनसावंगी, जि. जालना
१३ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

पत्र व पेनड्राइव्ह मिळाले. पायाची काळजी घे. जिन्यावर चालताना मोबाइल पाहत होतीस का, ते लिहिलेलं नाहीस. त्यावरून काय ते समजलो.

सिनेमा पंचवीस तारखेला लावतो. पडदा आणि प्रोजेक्टर जालन्याच्या मस्तगड भागातून येतील. मागच्या महिन्यात केरळचा एक सिनेमा लावला होता. खालची अक्षरं इंग्रजीत, म्हणून मी माइकवर मराठीत सांगत होतो. त्यात एक माणूस शेताच्या बांधावरून चालतो, आणि चालतच राहतो. भुजंगने मागून विचारलं की हा गडी कव्हापासून चालून राह्यला, जीपला हात केला असता तर एवढ्यात घनसावंगीला पोचला असता. लोक हसले, पण कोणी उठून गेलं नाही. थंडी होती हेही कारण असू शकेल.

आता तुझ्या प्रश्नाचं. तू त्या दिवशी सांगितलं होतंस की कॅमेरा चालू असताना कोणी बोलायचं नाही. बत्तीस वर्षं वर्गात मी हेच सांगत आलो, त्यामुळे सूचना मला पटली. तुला एक गोष्ट माहीत नव्हती. तुझी काकू चौथ्या कडव्याला नेहमी अडायची, आणि गाणं तिचंच. मी भाता ओढता ओढता पहिला शब्द हळूच द्यायचो आणि ती पुढचं घ्यायची. चाळीस वर्षं असंच चाललं. कोरसमधल्या नंदाबाई सोडल्या तर हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिसरं कडवं संपलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि गप्प बसलो. ती हसली, तिने हात जोडले. तू पुन्हा घेऊ म्हणालीस, पण ती आज नको म्हणाली. त्यानंतर ते गाणं तिने कधी म्हटलं नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

तेव्हा मी आत बसणार नाही. बाहेर इन्व्हर्टरजवळ खुर्ची टाकतो, त्याच्याकडेही कोणीतरी पाहायला हवंच. परवानगीचं कार्यक्रम झाल्यावर कळवतो.

लोभ आहेच. तो लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझा काका,
अण्णासाहेब


पुणे,
१८ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आजारपणामुळे काकू विसरली असं मी धरून चालले होते. लोकांना ती केविलवाणी दिसू नये म्हणून तिसरं कडवं संपताच मी कापलं. ती तुमच्याकडे बघते ते तर ठेवलंच नाही, कारण का बघते हे मला कळलं नव्हतं.

न बोलण्याचा तो नियम मी प्रत्येक ठिकाणी सांगते आणि कोणीही पाळत नाही. भागवतमामांनी ढोलकी वाजवता वाजवता दोनदा तंबाखू मागितली होती. पाळणारे तुम्ही एकटेच निघालात. चूक तुमची नाही, माझी आहे. मला फार लागून राहिलं आहे.

गाणं मी काढते. शनिवारी शेवटची बारा मिनिटं लावू नका, तशी सूचना द्या.

माझ्यावर पूर्वीइतकाच लोभ ठेवाल ना, एवढंच विचारते.

ज्योत्स्ना


ता. घनसावंगी, जि. जालना
२७ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. तोवर पडदा बांधून झाला होता. पत्र खिशात ठेवलं आणि बारा मिनिटांचं कोणाला बोललो नाही. का, ते नीट सांगता येणार नाही.

माणसं बरीच आली, अंतरवालीहूनही दोन जीप आल्या होत्या. आधी भागवतने ढोलकीवर तीन गाणी घेतली, पेटीशिवाय. मग सिनेमा. मी ठरल्याप्रमाणे बाहेर बसलो, इन्व्हर्टर ठीक होता. कोरसमधल्या उषाबाई सिनेमात स्वतःपेक्षा आपली म्हैस चांगली दिसली म्हणून खूश होत्या, तेवढं बाहेरपर्यंत ऐकू आलं.

मग गाणं लागलं. स्वतःची पेटी भिंतीपलीकडून ऐकायची मला सवय नाही. तिसरं कडवं संपलं आणि एकदम वाऱ्याचा आवाज आला, कापसाच्या रानाचा असावा. लोकांना वाटलं मशीन बिघडलं. वन्स मोअर झाला. प्रोजेक्टरवाल्याने मागे नेऊन गाणं पुन्हा लावलं, ते पुन्हा तिथेच तुटलं. आमच्याकडे अर्धं गाणं टाकून पार्टी उठत नाही, हे तू जाणतेस. सिनेमालाही लोकांनी तोच कायदा लावला. चौथं कडवं सगळ्यांना पाठ, त्यामुळे कोणी ऐकेना. सिनेमा थांबला.

नंदाबाई बाहेर आल्या. मला वाटलं इन्व्हर्टरचं विचारतील. त्या म्हणाल्या, "मास्तर, बाई तिथं थांबून राह्यली. तुम्ही शब्द द्या, मंग जाईल पुढं."

मी नाही म्हणालो, एकदा. भागवत तोवर आमच्या घरातून पेटी घेऊन आला होता, कोणाला न विचारता. उंदरांनी भाता एका बाजूने कुरतडला आहे. त्या भोकावर नंदाबाईंनी पदराचा बोळा दाबून धरला आणि मी आत जाऊन पडद्याकडे पाठ करून बसलो. गाणं तिसऱ्यांदा लावलं. मी सिनेमातल्या पेटीबरोबर वाजवलं, सूर तिचाच होता. कडवं संपताच प्रोजेक्टरवाल्याने चित्र जागेवर थांबवलं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले आणि मी शब्द दिला. हळू द्यायचा असतो, पण माझा आवाज मोठा निघाला. पुढचं बायांनी उचललं, मागून भुजंगनेही, तो बेसूर आहे. कडवं संपल्यावर मी वळून पडद्याकडे पाहिलं. ती तिथे होती, निळ्या लुगड्यात, तोंड मिटलेलं. मी रडलो. चारचौघांत रडलो, तर तुलाही कळलेलं बरं.

उरलेला सिनेमा मग कोणी पाहिला नाही, याबद्दल पार्टीतर्फे दिलगीर आहे.

परवानगी आहे. गाणं काढायचं नाही. मात्र ती माझ्याकडे बघते ते परत घाल, आणि मी गप्प बसतो तेही घाल. महोत्सवातल्या लोकांना काय समजायचं ते समजू दे. इथे पुन्हा लागेल तेव्हा चित्र तिथे थांबवू आणि पुढचं आम्ही म्हणू.

भाता दुरुस्तीला उद्या जालन्याला नेतो. प्लास्टर निघालं की ये, लोभ समोरासमोर मोजून घे.

तुझा काका,
अण्णासाहेब

ता. क. तो शब्द 'हाताला' असा आहे. पाटी पुसली गेली तरी अक्षर हाताला राहतं, असं ते कडवं आहे. तुझ्याकडे लिहिलेला असावा म्हणून कळवतो. आणि यापुढे तुझा कॅमेरा चालू असला तरी मी बोलणार आहे.