म्हशीला वाचून दाखवलेली कविता

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याशी भांडायला हरकत नसावी. आज सकाळी आपल्या शाळेत गेल्तो. परवापासून उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून आताच्या मुख्याध्यापक बाईंनी बोलावलं होतं, की पोरांना सुट्टीत कविता वाचाव्याशा वाटतील असं काही बोला. मी वर्तमानपत्रात लोकांची टवाळी करून पोट भरतो आणि त्यातली निम्मी टवाळी कवींची असते. मांजराच्या हस्ते खुराड्याचं उद्घाटन करण्यातला प्रकार. तरी गेलो, कारण मला तुमची गोष्ट सांगायची होती.

शाळेच्या शेवटच्या दिवशी तुम्ही एकेकाला टेबलाजवळ बोलवायचात आणि स्वतःच्या अक्षरात उतरवलेली एकेक कविता हातात द्यायचात. सुट्टीत आम्ही बहुतेक सगळे जनावरांमागं जाणार, हे तुम्हाला ठाऊक. "रोज मोठ्यानं वाचायची, पण जनावराला. माणसाला वाचली की तो अर्थ विचारतो, मंग तुम्ही भिऊन वाचणंच सोडता." माझ्या वाट्याला आलेल्या कवितेत एक बाई दारात उभी राहून कुणाची तरी वाट बघते, बाकी काही घडतच नाही. मी माळावर उभा राहून वाचतो आहे, ऊन डोक्यावर चढलं आहे, आणि आमची म्हैस रवंथ थांबवून माझ्याकडं बघते, मग एखाद्या बुजुर्ग समीक्षकासारखी मान फिरवून निघून जाते. पुढं माझ्या लिखाणाला याहून बरा अभिप्राय क्वचितच मिळाला.

माझ्या वडिलांना, दादांना, हे कळलं तेव्हा त्यांनी तुम्हाला राजूरच्या गणपतीला, चतुर्थीच्या दर्शनाच्या रांगेतच गाठलं. मी त्यांचं बोट धरून उभा.

"सर, पोरगं म्हशीपुढं कविता म्हणून राह्यलं. दूध आटलं म्हंजे?"

"आन् वाढलं तर?"

"वाढलं तर वाढलं."

"मंग वाढलेलं माझ्याकडं पाठवा. आटलं तर मी भरून देतो."

रांग खो खो हसली. दादाही हसले, पण घरी येताना म्हणाले, "मास्तर हुशारे, पण बराबर न्हाई त्याचं." मला तेव्हा दादांचा राग आला होता. आता, त्यांच्या वयाचा झाल्यावर, नेमका कुणाचा यावा ते कळत नाही.

कारण जूनमध्ये शाळा उघडली आणि तुम्ही थेट अपूर्णांक शिकवायला घेतले. कविता वाचली का, कुणाला वाचली, एका शब्दानं विचारलं नाहीत. त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही. मी आजवर सभांमधून छाती फुगवून सांगत आलो, की न विचारणं हीच आमच्या सरांची थोरवी. टाळ्याही पडतात.

आज पोरांना हे सगळं सांगितलं. पोरं हसली. एक मुलगी उठून म्हणाली, "आमच्याकडं म्हैस न्हाई, शेळ्या हायेत. चालन का?" चालेल म्हटलं. मग बाईंनी जाहीर केलं, की रोज एक व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा. मी आडवा आलो. व्हिडिओ नको, बाई, कुणी काही विचारणार नाही, हीच तर गंमत. बाई हळूच म्हणाल्या, "अहो, विचारणार नाही म्हटल्यावर वाचतंय कोण?" याला माझ्याकडं उत्तर होतं. पण शेळ्यावाली बसलीच नव्हती.

"कुणीच न्हाई विचारणार? मंग वाचून काय पोटात ठेवायची?"

सर, तुम्ही आमच्यावर विश्वास टाकला होता, का सुट्टीत आम्हाला साफ विसरून गेला होतात? दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्ही धरून त्या पोरीसमोर उभं राहता येईना. शेवटी तोंडातून निघून गेलं, "शाळा उघडली की मी येतो. मला सांग."

"नक्की?"

"नक्की."

"वाचली नसन तरी याल?"

"तरी येईन."

बाई खूश झाल्या, म्हणाल्या, "छान, म्हणजे मूल्यमापनाची सोय झाली." म्हणजे तुमची पद्धत मी वाचवली का बुडवली, देव जाणे. घरी येईपर्यंत दोनदा वाटलं बरं केलं, आणि दोनदा वाटलं माती केली.

तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडं आहे. पण हे त्याला पाठवलं तर तो हात जोडल्याचं चित्र लावून सगळ्या नातेवाइकांत फिरवील, आणि तुम्ही पुन्हा थोर व्हाल. म्हणून राहू द्या इथंच. एवढं मात्र तुम्हालाच सांगायचं आहे, की त्या सुट्टीत मी एकही दिवस चुकवला नव्हता, आणि तुम्ही विचाराल म्हणून दिवाळीपर्यंत वाट बघितली.