आठ ट्रॅक आणि एक शीळ

आदरणीय भावोजी,

तुम्हाला मनापासून नमस्कार, आणि ताईला धाकट्या भावाने द्यावा तेवढा. साष्टांगच घालणार होतो, पण गेले कित्येक दिवस मी रोज जमिनीवर पालथा पडलेला असतो (कारण पुढे येईल), त्यामुळे त्या साष्टांगात आता आदर असा काही उरलेला नाही. तुमची पाठ कशी आहे? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं म्हणजे कमरेचा काय भुगा होत असेल, ते मला हल्लीच समजायला लागलंय. ताईचा खोकला थांबला का? आईने विचारायला सांगितलंय. थांबला असला तरी ती मफलर पाठवणारच आहे, कारण तो विणून झालाय.

इकडे सगळं ठीक. म्हणजे बाबांचे दात सोडले तर ठीक, आणि पत्र त्यांच्याबद्दलच आहे. फोनच केला असता, पण मी फोनवर बोलायला लागलो की बाबा शेजारी येऊन उभे राहतात आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याआधी तेच देतात. पत्रात निदान वाक्य पुरं करता येतं असं वाटलं होतं. आत्ता ते खुर्ची ओढून माझ्या खांद्यावरून वाचतायत, तेव्हा मधे मधे कंसात त्यांचे आक्षेप आढळतील. मनावर घेऊ नका. (बाबा म्हणतात, आक्षेप नाही, दुरुस्ती म्हण.)

तर तुम्ही म्हणालात की बाबांचे वरचे पुढचे दात काढावेच लागतील, हिरडी खराब झालीय, कवळी बसवू. घरात सगळ्यांना चावण्याची काळजी पडली. मला एकट्याला शिळेची पडली. तुम्हाला बाबांच्या शिळेबद्दल माहीत असायचं कारण नाही, कारण ते तुमच्यासमोर ती कधी घालत नाहीत (जावयासमोर शीळ घालणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत). तुम्ही येणार म्हटलं की आदल्या दिवशीपासूनच बंद. बाबांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला हे तुम्हाला ठाऊक आहे. दुकान बंद केलं तरी टेबल, दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग घरी आणलं, आणि अजून कुणाकुणाची घड्याळं उघडून बसतात. चिमट्यात मोहरीएवढा स्क्रू धरला की त्यांची शीळ सुरू होते. चिमट्यात स्क्रू नसेल तर कितीही विनवण्या करा, नुसती हवा. आणि ही शीळ बाहेर फुंकायची नाही बरं का, आत ओढायची. बाहेर फुंकली तर स्क्रू उडून जाईल! पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून श्वास आत जातो आणि त्यातून अशी बारीक, गोड शीळ निघते की ऐकत राहावं. चाल त्यांची स्वतःचीच. ताईने आणि मी त्या शिळेत अभ्यास केला, मार खाल्ला, पुन्हा अभ्यास केला. जिना चढतानाच ती ऐकू आली की घरी सगळं ठीक आहे हे कळायचं. तुम्ही नेमके तेच दोन दात काढणार. तुमचा दोष नाही, पण मला ते ऐकून भडभडून आलं, हे खरं.

म्हणून ती शीळ जपून ठेवायला मी आठ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर आणला. आठ ट्रॅक म्हणजे काय, तर आठ वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या वेळी भरायचे आणि शेवटी एकत्र वाजवायचे. आमच्याकडे आवाज एकच आहे, मग बाकीचे सात कशाला, असं बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मला राग आला. मी म्हटलं, एकावर शीळ, दुसऱ्यावर माझी गिटार, तिसऱ्यावरही माझी गिटार. त्यावर त्यांनी भिंग काढून माझ्याकडे बघितलं. (बाबा म्हणतात, भिंग पुसायला काढलं होतं.) आणि एक अट घातली: रेकॉर्डिंग नीट झाल्याशिवाय दात काढायचे नाहीत. मी म्हटलं, दोन दिवसांचं काम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या दिवशी आवाजाची पातळी मी जोरात ठेवली, शीळ नाजूक असते म्हणून. पण शीळ नाजूक असली तरी टोकदार असते. ऐकलं तर कुकरची शिटी! सगळा आवाज वर जाऊन फुटलेला. मग पातळी अगदी खाली आणली. त्यात शीळ मुंगीएवढी आणि तिच्याभोवती सूं सूं सूं. त्या सूं सूंवर उपाय म्हणून मी यंत्रातली बटणं दाबत सुटलो. एका बटणाने बाबा मोठ्या सभागृहात गेले, दुसऱ्याने विहिरीत, तिसऱ्याने तीन बाबा एकामागून एक शीळ घालायला लागले. आई म्हणाली, एक आहेत तेवढे पुरेत.

मग कळलं की चूक माइकची. हा माइक उभा, जाडजूड, वर जाळी असलेला. मी त्याचं डोकं बाबांच्या तोंडाकडे करून ठेवलं होतं, बासरीवाल्यासमोर ठेवतात तसं. माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर चित्र आहे: माइकच्या डोक्याकडून नव्हे, पोटाकडून बोलायचं, तेही ज्या बाजूला छोटी खूण आहे त्या बाजूने. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुस्तक मी शेवटच्या पानापासून वाचत होतो, कारण अवघड भाग शेवटी असतो असा माझा समज. माइक फिरवला तर आवाज एकदम जवळ आला, आणि त्याबरोबर घरातलं बाकी सगळंही जवळ आलं. फ्रिजची घरघर, न्हाणीघरातला नळ, वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवत होतं तो पलंग. फ्रिज बंद केला, तर मी तो पुन्हा लावायला विसरलो, आणि आमच्या हिने दुसऱ्या दिवशी नासलेल्या दुधाची पातेली माझ्यासमोर न बोलता मांडली. ती न बोलता मांडते तेव्हा फार लागतं.

मोकळ्या भिंतींवरून आवाज उलटून येतो, म्हणून खोलीभर रजया टांगल्या. तरी एक टकटक राहिलीच. ऐका भावोजी, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची खोली! टेबलावर, कपाटावर, खिळ्यांवर घड्याळंच घड्याळं, आणि प्रत्येकाची चाल निराळी. मी एवढे दिवस ती टकटक यंत्रातली समजून यंत्र उलटं-सुलटं करत होतो. आम्हाला जन्मापासून तिची सवय, कानाला ती ऐकूच येत नाही. मग सगळी चालती घड्याळं रजईत गुंडाळून कपाटात घातली. (त्याआधी मी बाबांनाच कपाटात बसवायचा विचार मांडला होता, कपड्यांत आवाज छान दबतो म्हणून. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते इथे नको.) आता फक्त बंद पडलेली घड्याळं दुरुस्तीला घ्यायची. पण तिथेही पंचाईत. बाबांच्या हाताला यश आहे. चार सुरांत घड्याळ चालू होतं आणि लागलं टकटकायला! त्यामुळे मी ओळखीच्यांकडून अगदी मेलेली घड्याळं गोळा करतोय. लोक म्हणतात, वडिलांचं दुकान मुलाने पुढे चालवलं, छान झालं.

शेवटी यंत्राचाही स्वतःचा आवाज असतो हे ध्यानात आल्यावर ते बाहेर पॅसेजमध्ये नेलं. लांब वायर, दार बंद, मी बाहेर स्टुलावर कानाला हेडफोन लावून, आत बाबा एकटे. माइक वीतभर लांब आणि तोंडाच्या जरा बाजूला, पातळी मधोमध, बटण एकही नाही. आणि आवाज आला, भावोजी! काय सांगू! चिमटा टेबलावर टेकल्याचासुद्धा गोड वाटावा असा.

पण आता नवीनच दुखणं सुरू झालंय. चाल रंगात येते, शेवटच्या वळणाशी पोचते, आणि नेमका बाबांच्या हातून स्क्रू पडतो. शीळ बंद. मी आत धावतो, बॅटरी घेऊन दोघंही जमिनीवर पालथे. स्क्रू कधी टेबलाच्या पायाशी मिळतो, कधी सतरंजीच्या दोऱ्यांत, एकदा तर माझ्याच पायमोज्यात मिळाला. रोज हेच. वय झालं, हात थरथरतो, असं बाबा म्हणतात. (बाबा म्हणतात, हे वाक्य बरोबर आहे, राहू दे.) त्यामुळे अख्खी चाल अजून एकदाही पुरी मिळालेली नाही. तुम्ही दोनदा तारीख दिलीत आणि दोनदा आम्ही पुढे ढकलली, याची मला शरम वाटते. तरी हात जोडून विनंती की आणखी थोडे दिवस द्यावेत. बाबांना दाताचा अजिबात त्रास नाही. (बाबांनी हे वाक्य दोनदा लिहायला सांगितलंय. एकदाच लिहितो.)

ताईला सांगा, मफलर उद्या निघेल. तुमच्या पाठीला जपा.

आपला मेहुणा,
(हल्ली घड्याळवाल्याचा मुलगा म्हणूनच ओळखला जाणारा)

ता. क. भावोजी, इथून पुढचं पोस्टात उभं राहून, दोरीला बांधलेल्या पेनने लिहितोय. वरचं पत्र बाबांनी पसंत केलं आणि समोर बसून घडी घातली. पाकीट चिकटवायचं मात्र मी पोस्टात चिकटवतो म्हणून टाळलं.

अख्खी चाल मला मिळालीय. गेल्या आठवड्यातच मिळाली. त्या दुपारी बाबा इतके रंगले की स्क्रू पाडायचं विसरले, आणि चाल पुरी झाल्यावर मग पाडला. हो, पाडला. मी नेहमीसारखं बाहेरून "बंद!" असं ओरडलो. मी बंद म्हटलं की माइक बहिरा होतो अशी बाबांची समजूत आहे. हेडफोन माझ्या कानावरच होते. आई चहा घेऊन आत गेली होती. ती म्हणाली, "अहो, अख्ख्या जन्मात तुमच्या हातून कधी स्क्रू पडला नाही. हल्ली रोज कसा हो पडतो?"

बाबा म्हणाले, "पडतोय कुठे? पाडतोय मी. पडला की तो आत येतो. दोघं शोधत बसतो. ऑफिसातलं काहीबाही सांगतो. परवा साहेबाची नक्कल करून दाखवली, मला हसू आवरेना. एकदा का हे रेकॉर्डिंग झालं की तो त्याच्या खोलीत, मी माझ्या."

आवाज काय स्वच्छ आला होता, भावोजी, एक अक्षर फुटलं नव्हतं. मी पॅसेजमध्ये स्टुलावर बसून रडलो, सरळच सांगतो. मग तोंड पुसून आत गेलो, म्हटलं, फुकट गेलं हो बाबा, कपबशी वाजली मधेच. आणि बॅटरी घेऊन पालथा पडलो. तेव्हापासून तेही खोटं बोलतायत आणि मीही.

ता. क. दुसरा. मागे रांग लागलीय, आटोपतं घेतो. बाबांना त्रास होतोय. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, एका बाजूने चावताच येत नाही, गाल धरून बसतात, आणि मी आलो की विचार करत होतो असं दाखवतात. तेव्हा वर मागितलेले दिवस मुळीच देऊ नका, उलट तारीख अलीकडे घ्या. फक्त माझं एक काम करा. त्यांना खुर्चीत बसवाल तेव्हा तुमच्या त्या डॉक्टरी आवाजात सांगा, की नव्या दातांवर शीळ बसवायला रोज सराव लागतो, तो रोज रेकॉर्ड करून तपासावा लागतो, आणि त्यासाठी मुलाने दाराबाहेर नाही, समोर बसायला हवं. शीळ परत येणार की नाही हे कळायला किती दिवस लागतात, असं ते तुम्हाला नक्की विचारतील. वर्षानुवर्षं लागतात म्हणावं.